खांद्यावरचा घट्टा

आखाडी सरली की आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा राहत नाही. एका बाजूला शिवणीच्या लाकडाचे ठोकळे, दुसऱ्या बाजूला पाय न लागलेली धडं, खाटेखाली चाकांची पोती. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल तोरणाखाली उभे राहून झाले की लेकरांचे लाकडी बैल निघतात. दोरीने ओढत घरोघर न्यायचे, घरच्या बाईने बैलाला ओवाळायचं आणि लेकराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवायचा. नागपूर-वर्ध्याकडे लेकरू चालायला लागलं की त्याला लाकडी बैल हवाच. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात 22 वर्षांपासून ते बैल मी करतो.

लाकूड शिवणीचं घेतो. हलकं असतं, वाळल्यावर फारसं वाकत नाही आणि पटाशीला अडत नाही. ठोकळ्याच्या टोकांतून ओल लवकर उडते, मधून उशिरा, म्हणून टोकं तडकतात. त्यांना उरलासुरला ऑइलपेंट थापायचा आणि ठोकळे वर्षभर माळ्यावर ठेवून द्यायचे. इतकं केल्यावर मग लाकूड तासायची वाकस हातात घ्यायची.

सुरुवातीला मी अख्खा बैल एकाच ठोकळ्यातून काढायचो. दिसायचा छान, पण लेकराच्या हातून पडला की पाय खुराजवळ कटकन मोडायचा. लाकडाच्या रेषा धडाच्या लांबीने जातात, त्यामुळे पायांत त्या आडव्या येतात आणि आडव्या रेषेत जीव नसतो. मग पाय वेगळे करायला लागलो, उभ्या रेषेचे, पोटाखाली खाच पाडून बसवलेले. एकदा खाच जराशी तिरपी पडली आणि बैलाचा पुढचा पाय उचलल्यासारखा झाला. तो बैल चालायला लागला! आज लोक माझ्या बैलाची चाल वाखाणतात, तेव्हा मला तो पायाचा मोडका तुकडा आठवतो. सुंदर काहीतरी करायचं म्हणून मी बसलोच नव्हतो, पाय मोडू नये एवढीच काळजी होती. माझ्या हातून जे जे बरं झालं त्यातलं बरंचसं असंच झालं आहे.

आमच्या भागाचा बैल म्हणजे गवळाऊ. पांढरा, निमुळत्या लांब तोंडाचा, पळायला चपळ. खिल्लारीसारखी लांब, मागे जाणारी शिंगं त्याला नसतात. याची आखूड आणि बोथट असतात. बैलाची मान, वशिंड आणि मागचे पुठ्ठे राखाडी झाकेचे, गाय मात्र पांढरीशुभ्र. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं पैदास केंद्र आहे, तिथे मी वही घेऊन जात असे. एक अख्खी वही नुसत्या डोळ्यांची भरली. गवळाऊचा डोळा बदामी आणि तोंडाच्या बाजूला असतो. बैल समोरून आपल्याकडे माणसासारखा रोखून बघत नाही. बाजारातल्या बहुतेक लाकडी बैलांना डोळे समोर काढलेले असतात, त्यामुळे बैलाच्या अंगावर माणसाचं तोंड बसवल्यासारखं दिसतं. रंगात म्हणाल तर पांढऱ्यात चिमूटभर नीळ आणि बोटाच्या टोकाएवढं काजळ घातलं की ती राखाडी झाक येते. काजळ थोडं जास्त झालं तर बैल मळका दिसतो. हे प्रमाण मला सांगता येत नाही, हाताला कळतं.

तर मला वाटत होतं की बैल आता मला कळला.

पाचेक वर्षांपूर्वी पोळ्याच्या चार दिवस आधी गावातली एक आजी आली. त्यांच्या घरची जोडी त्या उन्हाळ्यात विकली होती, वखरणीपासून पेरणीपर्यंत सगळं आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर. पण पोळ्याला दारात बैल नको का? म्हणून लाकडाचा घ्यायला आली होती. मी माझा सगळ्यात चांगला बैल पुढे ठेवला. काचपेपरने तीन वेळा घासलेला, मानेपासून वशिंडापर्यंत हात फिरवला तर कुठे अडू नये असा. तिने डोळ्यांकडे पाहिलं नाही, चालीकडे पाहिलं नाही. तिचा हात थेट वशिंडाच्या पुढे गेला, तिथे चाचपडला आणि थांबला.

"काहो बाबू, याच्या खांद्यावर कधी जू ठेवलंच नाई का?"

मी म्हटलं, "आजी, लाकडाचा आहे."

"ते दिसते मले. पन मी लोनी चोयू कुठं?"

ज्याच्या घरी बैल नाहीत त्याला ती काय विचारत होती ते कळणार नाही, म्हणून सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." नैवेद्य, झूल, बाशिंग, शिंगांचा रंग, झडत्यांची गाणी हे सगळं दुसऱ्या दिवशी. सणाची पहिली गोष्ट खांदा. वर्षभर जू जिथे बसतं तिथले केस गेलेले असतात, कातडी जाड, सुरकुतलेली, काळपट होते. त्या घट्ट्यावर धन्याचा हात पडतो तेव्हा सण सुरू होतो. आणि तेवढीच जागा मी 17 वर्षं घासून घासून गुळगुळीत करत आलो होतो.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. माझे वडील जू करायचे. डवरे, वखर, तिफण, जू, शिवळा, सगळं याच ओसरीत. जुवाची खालची बाजू ते कानशीने आणि मग काचेच्या तुकड्याने तासायचे आणि शेवटी स्वतःच्या गालावर घासून बघायचे. गालाला टोचलं तर बैलाला टोचेल. मी लहानपणी हे रोज पाहिलं आणि बैल घडवायला बसलो तेव्हा नेमकं तेच विसरलो.

त्या रात्री झोप आली नाही. बैलाच्या कष्टाची खूण लाकडात कोरून आपण त्याचं दुखणं सजवतो आहोत का, हा प्रश्न सुटत नव्हता. खांदेसूज आलेला बैल मी पाहिला आहे, त्यात सुंदर काही नाही, ते पाहवत नाही. पण घट्टा म्हणजे जखम नव्हे. कामाला अंगाने दिलेलं ते उत्तर आहे. वडिलांच्या तळहातावर होता, माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पटाशीचा आहे. जखम मी कोरणार नाही. घट्टा कोरला नाही तर मात्र मी खोटा बैल करतो.

दुसरी गोष्ट सुचली ती देवळात. आमच्याकडे लाकडी बैलाला सगळे नंदीच म्हणतात, मीही म्हणतो. आणि हेमाडपंती देवळातला दगडी नंदी पाहूनच मी वशिंड आणि गळ्याखालची पोळी शिकलो. त्या नंदीची पाठ गुळगुळीत आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात फिरून तर ती जास्तच चकाकते. त्याला घट्टा नाही आणि नसणंच बरोबर आहे, कारण त्याने वखर ओढलेला नाही. त्याच्या पाठीवर महादेव बसतो. मी नंदी करत होतो आणि नाव बैलाचं सांगत होतो. पोळ्याला आपण देवाचं वाहन पुजत नाही, आपल्या वावरात राबलेलं जनावर पुजतो. दोघांचं सौंदर्य वेगळं आहे, आणि एकाचं दुसऱ्याला लावलं की दोघंही बिघडतात.

तेव्हापासून प्रत्येक बैलाच्या वशिंडापुढे चार बोटांची जागा मी घासत नाही. बारीक पटाशीने आडव्या सुरकुत्या काढतो, त्याही मोजून नाही, जनावर आठवून. एका व्यापाऱ्याने यंदा पन्नास बैलांपैकी तीस परत पाठवले, "मानेवर पुट्टी भरून द्या, गिऱ्हाइकाला डिफेक्ट वाटतो." तीस बैलांचे पैसे माझ्या घराला लहान नाहीत. बायकोने विचारलं, काय करायचं? मी पुट्टी भरली नाही. गावात आता बैलजोड्या बोटांवर मोजाव्या लागतात. उद्या एखाद्या लेकराने खरा बैल पाहिलाच नाही, तर त्याच्यासाठी माझ्या ओसरीतला बैलच खरा असेल. त्याच्या बोटाला तो खडबडीत भाग लागला तर ते विचारेल तरी, हे काय आहे म्हणून.

आजीला तेव्हा दुसरा बैल करून दिला. घट्ट्यावर रंग नाही, व्हार्निश नाही, नुसतं उघडं लाकूड. परवा तो बैल पुन्हा रंगवायला आला. बाकीचा पांढरा रंग उडाला आहे, एक कान तुटला आहे, आणि खांद्यावर चार-पाच पोळ्यांची हळद-लोणी शिवणीच्या रेषांत उतरून गडद पिवळी झाली आहे. मी काचपेपर घेतला तशी आजी म्हणाली, "तेवळं सोडून रंग लाव."

कान नवा बसवला आहे. रंगाचा पहिला हात काल दिला, त्या पिवळ्याच्या भोवतीने.