कुंतीला 'कीड' लागली तो दिवस

मुलुंडच्या एका सोसायटीच्या बागेचं कंत्राट माझ्याकडे आहे. ऐन श्रावणात सेक्रेटरींचा फोन आला, "कुंपणाला कीड लागलीय. आजच्या आज औषध मारा आणि एकदा सपाट कापून घ्या."

कुंपण कुंतीचं. मुंबईत सोसायट्यांची ही आवडती, कारण ऊन, धो धो पाऊस, गाड्यांचा धूर, सगळं ती सोसते. कात्रीही सोसते, पण फुलं येतात शेंड्यांवर. दर महिन्याला शेंडे उडवले की फूल नाही, मग फळ कुठून? इथे भिंतीकडची बाजू बरेच महिने कापलीच नव्हती (माळ्याचा आळस, दुसरं काय). तिथे पांढऱ्या फुलांचे झुबके होते आणि लालभडक फळंही.

कीड म्हणजे पानांवरच्या काळपट-पांढऱ्या अळ्या, हुबेहूब पक्ष्याची शीट. एकीला काडी लावली, तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लिंबू, कढीपत्ता, कुंती एकाच कुळातले, त्यामुळे तिला तिन्ही चालतात. चार पानं कुरतडेल, झुडूप मरत नाही.

तेवढ्यात माळ्याने हाताने खूण केली. फांद्यांच्या बेचक्यात, छातीइतक्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाचं घरटं. आत दोन पिल्लं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. आम्ही मागे सरकलो तसा एक बुलबुल चोचीत हिरवी अळी घेऊन आला आणि भरवून गेला. दुसरा जरा वरच्या फांदीवर लाल फळं गिळत होता. औषध मारलं असतं तर तेच पिल्लांच्या पोटात गेलं असतं.

सेक्रेटरी खाली आले. "दोन पक्ष्यांसाठी कमिटीचं काम थांबवायचं?"

"साहेब, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला धक्का लावणं शिकारीत धरतात."

पक्षिप्रेमापेक्षा कायदा कमिटीला लवकर कळतो, हा माझा अनुभव. दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतील, हेही सांगितलं. शेवटी ठरलं: रस्त्याकडची बाजू नंतर कापायची, भिंतीकडच्या बाजूला फळं संपेपर्यंत हात लावायचा नाही, औषध अजिबात नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले, "पण मग फवारणीचे पैसे बिलात लावू नका."