गर्लीत पास, पावसात नापास

भोसरी एमआयडीसीत 1998 साली पीव्हीसी सेपरेटरपासून सुरुवात केली, म्हणजे बॅटरीतल्या पट्ट्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये घालतात तो सच्छिद्र पडदा. लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा धंदा, इन्व्हर्टरवाल्यांची गिऱ्हाइकी. सतरा-अठरा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2016 ला लिथियम बॅटरीच्या सेपरेटरकडे वळलो. 16 मायक्रॉनची पॉलिइथिलीन फिल्म आणायची, तिच्यावर ॲल्युमिनाचा, म्हणजे सिरॅमिक पावडरीचा थर द्यायचा. जुनी गर्ली मशीन घेतली होती. तेलातलं नळकांडं हळूहळू खाली बसतं, 100 मिली हवा फिल्ममधून जायला किती सेकंद लागले ते कळतं. स्टॉपवॉच घेऊन मी तासन्‌तास तिच्यापुढे. बायको म्हणायची, एवढा वेळ देवापुढे बसला असतात तर!

2019 च्या जुलैत एका सेल कंपनीला चार रोल पाठवले. गर्ली ठीक, 130 अंशांवर तासभर ठेवून आकसणं ठीक, सेलोटेप चिकटवून ओढली तरी पावडर सुटत नव्हती. महिन्याभरात फोन आला, पाउच, म्हणजे मऊ पिशवीतले सेल, फुगले. ॲल्युमिना ओलावा धरतो आणि तो इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाला भेटला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भर पावसात उघड्या शेडमध्ये स्लिटिंग (फिल्म हव्या त्या रुंदीत कापणं) करून साध्या पॉलिथिनमध्ये रोल गुंडाळले ते मीच. कार्ल फिशरचे, म्हणजे ओलावा मोजायच्या चाचणीचे, पैसे वाचवले होते. पेमेंट अडकलं, बँकेचे हप्ते थकले, कोटिंगची लाइन चार महिने बंद.

आमच्याकडेच विक्री सांभाळून गेलेला एक गृहस्थ तेव्हा बाजारभर सांगत फिरला, भोसरीची फिल्म सेल फुगवते. आणि हा स्वतः काय विकायचा? आयात रोल, लेबल बदललेलं, वर 'सिरॅमिक'चा शिक्का. एका गिऱ्हाइकाने त्याचा तुकडा तपासायला आमच्याकडेच आणला. 10 सेंटिमीटरचा चौकोन ओव्हनमध्ये ठेवला. तासाने दार उघडलं तर भाजलेल्या पापडासारखी गुंडाळी. रिपोर्ट दिला. ऑर्डर तरी त्यालाच गेली, दर कमी होता ना! 2022 च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचं मानक एआयएस-156 कडक झालं, तेव्हा त्याच गिऱ्हाइकाला आमचा नंबर सापडला.

नव्या पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. प्रत्येक रोलच्या दोन्ही टोकांचा हातभर तुकडा तारीख टाकून जपा. जून ते सप्टेंबर डिह्युमिडिफायरच्या बिलाकडे बघू नका.

ते चार महिने आम्हाला तगवलं सांगलीच्या अण्णांनी. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनवतात, आमचं पहिलं गिऱ्हाईक. एसटीने आले, चहा घेतला, म्हणाले, "वर्षभराचे पीव्हीसी आत्ताच लिहून घे." चेक आगाऊ. माल ठेवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. काही गठ्ठे अजून आमच्याच गोदामात पडून आहेत.