तुम्ही विचारलंत म्हणून : पाच नंबरचे बूट

"बाईने शर्ट-पँट घातली तर हल्ली कोणी वळूनही पाहत नाही, मग तुम्ही स्वतःला क्रॉसड्रेसर कशाला म्हणवता, आणि साडी नेसणाऱ्या पुरुषांच्या ऑनलाइन गटांत तुमचे काय काम?" हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. क्रॉसड्रेसर म्हणजे विरुद्ध लिंगाचा वेष आवडीने करणारी व्यक्ती. विचारणाऱ्यांत माझी मावसबहीण आहे, बेलापूरच्या कचेरीतली एक सहकारी आहे, आणि त्या गटांतले पुरुष तर आहेतच. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, तो असा, की तिथे तुमची कोणाशी मैत्री झाली का.

पहिला भाग लवकर आटोपतो. कामावर मी जीन्स घालते तेव्हा मी बाईच असते आणि लोकलमध्ये बायकांच्याच डब्यात चढते. त्याला मी वेषांतर म्हणत नाही. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी, आई भजनाला गेली की नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पडदे ओढून मी छाती घट्ट बसवणारी बनियन, पुरुषी कापाचा शर्ट, कोट आणि नाटकवाले लावतात तशी क्रेपची मिशी लावते, आणि आरशात जो गृहस्थ दिसतो त्याच्याबरोबर दोन तास काढते. पहिला शर्ट मी जांभळी नाक्याजवळच्या एका शिंप्याकडून "भाच्याचे माप अगदी माझ्याएवढेच आहे" असे सांगून शिवून घेतला होता. पुरुषांच्या शर्टाची बटणे उजव्या पट्टीवर असतात आणि बायकांच्या डाव्या, हे तोवर मला ठाऊक नव्हते. बोटांना ती उलटी सवय व्हायला कित्येक संध्याकाळी गेल्या. मला पुरुष व्हायचे नाही, तो वेष उतरवताना वाईटही वाटत नाही, पण तो मला हवा असतो. आईला हे ठाऊक असावे, कारण एकदा इस्त्रीच्या कपड्यांत तिने तो कोट एक अक्षरही न बोलता ठेवला होता.

माझे आजोळ कुडाळजवळचे. तिथे जत्रेच्या रात्री दशावतारात गावातलाच एखादा शेतकरी राणी होऊन उभा राहत असे आणि प्रवेश नसला की पडद्यामागे त्याच लुगड्यात विडी ओढत बसत असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. बाईने राजा व्हावे असे मात्र कोणाच्या मनातही येत नसे, आणि माझ्या मनात ते आले होते, हे मी आठव्या वर्षी कोणाला सांगितले नाही.

आता खरा भाग. ठाण्यात किंवा नवी मुंबईत आपल्यासारखी माणसे प्रत्यक्ष कुठे भेटतील हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे २०१७ च्या सुमारास मी फोनवरच शोध सुरू केला. पहिल्या गटाच्या डीपीवर बालगंधर्वांचे छायाचित्र होते, म्हणून मी मोठ्या आशेने विनंती पाठवली. ॲडमिनने पडताळणीसाठी वेष केलेला फोटो मागितला, हातात त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद धरून. मी मिशी आणि कोटातला फोटो पाठवला. उत्तर आले : "हे नेहमीचे कपडे झाले, साडीतला पाठवा." मी खुलासा केला, तेव्हा त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित करून मागितला, आणि तो ऐकल्यावर लिहिले : "तुम्ही लेडीज आहात. माफ करा, लेडीजना प्रवेश नाही." पहिल्यांदा मी पुरुष म्हणून नाकारली गेले आणि दहा मिनिटांत बाई म्हणून, दोन्ही वेळा ॲडमिनचे बोलणे अत्यंत सभ्य होते, हेही नोंदवले पाहिजे.

कारण विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी विसरलेले नाही. एका सभासदाची पत्नी खोट्या नावाने गटात शिरली होती, तिने संभाषणांचे फोटो काढून दोन्ही घरच्यांना पाठवले, आणि तो माणूस ठाणे सोडून गेला. त्या पत्नीचे दुःख मला समजते आणि त्या गटाची भीतीही समजते. भीतीपोटी दाराला कडी लावणे हे काही नवे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९६१ साली, जन्माने पुरुष पण बायकी वेषात वावरणाऱ्या व्हर्जिनिया प्रिन्स यांनी अशा पुरुषांच्या आपल्या गटाची पहिली बैठक बोलावली तेव्हा प्रत्येकाला पिशवीत बायकांचे लांब मोजे आणि उंच टाचांचे बूट घेऊन यायला सांगितले होते, आणि ते सर्वांनी एकाच वेळी चढवायचे होते, म्हणजे कोणी कोणाची चुगली करण्याच्या स्थितीत राहणार नाही. ही युक्ती मला फार आवडते. तिने माणसाच्या लिंगाची चौकशी केली नाही, फक्त सर्वांना सारखेच अडचणीत आणले. पण त्याच प्रिन्सबाईंनी पुढे जी संघटना उभी केली तिच्या नियमांत मात्र समलिंगी पुरुषांना आणि शस्त्रक्रिया करून स्त्री होऊ पाहणाऱ्यांना जागा नव्हती. बाहेरच्यांनी आपल्याला 'त्यांच्यातले' समजू नये म्हणून 'त्यांना' बाहेर ठेवायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे आणि आमच्याकडेही ती जशीच्या तशी आहे. आपल्याकडच्या गटांत 'जेन्युइन सीडी', म्हणजे 'अस्सल क्रॉसड्रेसर', असा एक शब्द फिरतो. त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, पण त्यात कोण बसत नाही हे सर्वांना पाठ असते. कळव्याच्या एका सभासदाने हॉर्मोनचे उपचार सुरू केल्याचे सांगितले, तेव्हा "आता ती आपल्यातली राहिली नाही" असे म्हणून तिला ज्या रात्री काढले, त्या रात्री एकानेही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. मी तेव्हा त्याच गटात, म्हणजे मला प्रवेश मिळालेल्या दुसऱ्या गटात, नुकतीच आले होते आणि मला माझी जागा जपायची होती.

त्या दुसऱ्या गटात मला प्रवेश मिळाला खरा, पण कशासाठी, हे आठवडाभरात कळले. ब्लाउजचा गळा किती खोल शिवावा, पदराला पिन कुठे लावली म्हणजे खांद्यावरून घसरत नाही, काठपदराच्या साडीच्या निऱ्या किती, बांगडीचे माप कसे काढायचे, असे प्रश्न रोज येऊ लागले आणि मी सर्वांची 'मॅडम' झाले. मला निऱ्या घालता येतात, कारण लहानपणी आईने शिकवल्या. पण ज्या गोष्टी दोन तास बाजूला ठेवता याव्यात म्हणून मी तिथे गेले होते, त्यांचीच शिकवणी घेण्याची वेळ आली. शेवटी एका रविवारी मी माझा धोतर, कोट आणि पगडीतला फोटो टाकला. ज्या गटात नव्या नथीच्या फोटोला पाच मिनिटांत पन्नास बदाम पडत, तिथे संध्याकाळपर्यंत कोणी काही बोलले नाही. रात्री एकाने लिहिले, "देवाने दिलेले रूप असे का झाकता?" आणि दुसऱ्या एकाने खासगीत विचारले की मी इतकी 'बोल्ड' आहे तर भेटायला कधी येते.

त्या पहिल्या वाक्याचा मी बराच विचार केला, कारण ते वाईट हेतूने लिहिलेले नव्हते. त्या माणसाच्या लेखी बाईपण म्हणजे नथ, मोगऱ्याचा गजरा, हळदीकुंकवाचा मान. जे त्याला चोरून, पडद्याआड, वर्षातून चार वेळा मिळते, ते मी आपखुशीने काढून ठेवते याचे त्याला खरोखरच दुःख झाले असावे. त्याला हव्या असलेल्या बाईपणात दळणाची पिशवी नाही, रात्री उशिराच्या रिक्षात फोन कानाला लावून बसणे नाही. माझ्यात ते सगळे आहे, म्हणून मी त्याच्या चित्रात बसत नाही. बालगंधर्वांचा फोटो लावणाऱ्या गटात बाईला मज्जाव असावा, यात तसे आश्चर्य नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजाला मान्य नव्हते, म्हणूनच तर स्त्रीचे सौंदर्य कसे असते हे पुरुषाने दाखवायचे होते, आणि बायका त्यांची साडी पाहून तशी नेसू लागल्या. त्याच सुमारास निव्वळ स्त्रियांच्याही नाटक मंडळ्या होत्या, त्यांत नायकापासून खलनायकापर्यंत सगळ्या भूमिका स्त्रिया करत. बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात आहे. त्या स्त्रियांपैकी दोघींची नावे सांगा, असे मी गटात एकदा विचारले. कोणी सांगू शकले नाही.

"तुम्हाला काय, तुमचे सगळे सोपे आहे" हे वाक्य मला पुरुषांकडून सर्वांत जास्त ऐकावे लागते, आणि त्यात तथ्य आहे हे मी आधीच मान्य करते. मी शर्ट-पँट घालून तलावपाळीला चार फेऱ्या मारल्या तर भेळवालाही मान वर करणार नाही. त्यांच्यापैकी कोणी साडी नेसून घोडबंदर रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभा राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. पण जे कोणाच्या नजरेत भरत नाही ते कोणाच्या खिजगणतीतही नसते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदानसूचीत वेषांतराच्या ओढीला जो विकार म्हटले होते, तो फक्त भिन्नलिंगी, म्हणजे स्त्रियांकडे ओढा असलेल्या, पुरुषालाच होऊ शकतो असे तिच्या व्याख्येतच लिहिलेले होते. २०१३ च्या आवृत्तीत ती अट काढली, आणि त्या ओढीपायी माणसाला त्रास होत असेल तरच विकार म्हणायचे, हा आधीचाच निकष कायम ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या सूचीत तर ते निदान उरलेलेच नाही. मला आजारी ठरवून घ्यायची हौस नव्हती, परंतु आजाऱ्यांच्या यादीतही बाईसाठी ओळ नसावी, हे वाचून मला हसू आले आणि नंतर थोडा रागही आला.

मैत्री मात्र एक झाली. गटातल्या एकाने, तो ऐरोलीला राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत अभियंता आहे, मला साडीबद्दल काहीही न विचारता लिहिले, "तुम्हाला बूट कुठे मिळतात?" हा प्रश्न तोवर मला जगात कोणी विचारला नव्हता. पुरुषी चामडी बूट बहुतेक दुकानांत सहा नंबरापासून सुरू होतात आणि माझा पाय पाच नंबरचा. बायकांच्या चपला आठाला संपतात आणि त्याला दहा लागतो. चार महिने फक्त लिहून बोललो आणि मग एका शनिवारी गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर भेटलो, दोघेही आपापल्या रोजच्या कपड्यांत. तिथून गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो. मी पुरुषांचे, शक्य तेवढे लहान, लेस असलेले काळे बूट मागितले. त्याने बायकांची, शक्य तेवढी मोठी, किंचित टाचेची चप्पल मागितली. दुकानातल्या मुलाने आम्हाला नवराबायको समजून बूट त्याच्या पायाशी आणि चप्पल माझ्या पायाशी ठेवली, आणि नंबरांवर नजर जाताच तो गोंधळून म्हणाला, "काका, हे उलटं झालंय." आम्ही दोघे इतके हसलो की काही न घेताच बाहेर पडावे लागले.

तो साडीत असेल तेव्हा मी त्याला 'ती' म्हणते, कारण तसे त्याने सांगितले आहे. मी कोटात असते तेव्हा त्याने मला काय म्हणावे असे त्याने विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही, म्हणून तो 'साहेब' म्हणतो. आमच्यात भांडणेही होतात. रात्री बाहेर पडण्याची भीती त्याला साडीतच कळली असे तो एकदा म्हणाला, तेव्हा मी जरा जास्तच बोलले. पंधरा दिवस अबोला होता.

इथवर वाचून मी बिचारी आणि बाकी सगळे पूर्वग्रहदूषित असे चित्र उभे राहिले असेल, तर पुढचेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मला एका अनोळखी खात्यावरून संदेश आला. नाव बाईचे, फोटोच्या जागी जास्वंदीचे फूल, आणि मजकूर एवढाच : "मी वाशीला असते. मलाही मिशी लावून बघायची आहे, पण विचारायचे कोणाला ते कळत नाही." बाईच्या नावाने लिहिणारा हा आणखी एखादा चावट पुरुष, असे मी क्षणात ठरवून टाकले, त्या आधीच्या महिन्यात तसे तिघे भेटले होते. मी लिहिले, "पडताळणीसाठी आवाज पाठवा." पाठवल्यावर माझ्या लक्षात आले, की हे शब्द त्या पहिल्या ॲडमिनचेच आहेत. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी ते खाते दिसेनासे झाले होते. ती बाई होती की नव्हती हे मला कधीच कळणार नाही, पण असती तर तिने आवाज का पाठवला नसता याची चार-पाच कारणे मी स्वतःच देऊ शकते.

ऐरोलीकराला मी हे सांगितले, तेव्हा त्याने माझी समजूत काढली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने एक छोटा गट काढला आणि मला त्याची ॲडमिन केले. येणाऱ्याला आम्ही नाव विचारत नाही, फोटो मागत नाही, पुरुष की बाई हेही विचारत नाही. फक्त पायाचा नंबर आणि कसले पायताण हवे ते विचारतो, कारण ऐरोलीकराला उल्हासनगरचा एक कारागीर सापडला आहे, तो मापाप्रमाणे बूट-चपला बनवून देतो आणि एकदम सहा जोड असतील तर भावही कमी करतो. चावट लोक या प्रश्नाला कंटाळून आपोआप निघून जातात. कळव्याच्या त्या बाईंना मी स्वतः निरोप पाठवला, त्या आल्या, आणि आपला नंबर नऊ असल्याचे कळवून त्यांनी पुढे लिहिले, "त्या रात्री तुम्हीही गप्प होतात." त्यावर मी हो म्हणाले. त्या अजून गटात आहेत.

आजवर अकरा जणांनी नंबर कळवले आहेत. आठ, नऊ, दहा, एकाचा तर अकरा. सगळ्यांना बायकांच्या चपला हव्या आहेत. पुरुषी बुटांची मागणी अजून एकच आहे, पाच नंबरची, आणि ती माझी आहे. कारागिराला मी तो साचा मोडू नका असे सांगून ठेवले आहे.