कोणालाच न दिसणारा रंग

ह्यूस्टनमध्ये मी गंजावर पोट भरतो. रिफायनरीतले पाइप, टाक्या, झडपा कुठे आणि का खाल्ल्या जातात ते शोधायचं, हे माझं काम. त्यामुळे ओळखीतल्या कोणी कमरेला लावायला छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं की फोन मला येतो. नेमबाजीतलं मला फार कळत नाही असं सांगूनही प्रश्न येतोच : "काळं घेऊ की रुपेरी?"

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. शस्त्र परवान्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवणारा एखादा काका गावी पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जरा वेळ लागतो. पण तो वाद आज नको. मला मौज वाटते ती निराळीच. जी वस्तू दिवसभर शर्टाखाली दडवायची, तिच्या रंगासाठी माणसं किती जीव पाखडतात! (गणेशोत्सवात तर प्रश्नच येत नाही. नाडीच्या लेंग्यात होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं म्यान, अडकवणार कुठे?)

काळ्याचा कैवार घेणारे म्हणतात, काळं चमकत नाही म्हणून चटकन नजरेत येत नाही. हे काही मला पटत नाही. शर्ट वर सरकला तर आधी दिसते ती मूठ, आणि ती रबराची नाहीतर लाकडाची. पोलादाचा रंग तोवर पँटच्या आतच असतो. त्या रंगाशी खरा संबंध येतो तो घामाचा.

आणि ह्यूस्टनचा घाम म्हणजे काय, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा, पस्तीस अंश, आणि पोटाला चिकटून बसलेलं पोलाद. घामातलं मीठ लोखंडाला सोडत नाही. त्यातही माणसामाणसाचा घाम वेगळा. एकाचं पिस्तूल वर्षभर जसंच्या तसं राहतं, दुसऱ्याच्या चार दिवसांत तांबूस ठिपके दिसायला लागतात.

जुन्या पद्धतीचं 'ब्लूइंग' मला मनापासून आवडतं. दाहक सोडा आणि क्षारांच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवतात आणि त्याच्या अंगावर मॅग्नेटाइट चढतं. म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त लाल भुगा होण्याऐवजी निळंकाळं होऊन घट्ट बसलेलं. काट्याने काटा काढायचा तो असा. उजेडात तिरकं धरलं की त्यातली निळाई अशी काही सरकते की बघत राहावं. पण तो थर इतका पातळ, की खरं रक्षण करतं ते त्यावर टिकून राहिलेलं तेल. तेल पुसलं गेलं की झालं.

निकेल म्हणजे पितळी पातेल्याची कल्हई. आहे तोवर झकास. एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या काळ्या दारूची राख पोलाद खायची, तेव्हा निकेलचा मुलामा लोकांनी उचलून धरला त्यात नवल नाही. पण कुठे ओरखडा गेला, टवका उडाला की गंज त्या खालून चोरपावलांनी पसरतो.

मग स्टेनलेस. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचं छोटं 'चीफ्स स्पेशल' काढलं आणि १९६५ मध्ये तेच स्टेनलेस पोलादात आणलं, मॉडेल ६०. यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने आपला आपण भरून येतो. माझं मत विचाराल तर रोज वागवायला हेच, तेही घासून मंद केलेलं. मात्र "हे गंजतच नाही" म्हणणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका. मीठ फार काळ साचून राहिलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात. शिवाय वजन कमी करायला पुष्कळ छोट्या रिव्हॉल्व्हरांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तेव्हा सगळीच रुपेरी रिव्हॉल्व्हरं आरपार स्टेनलेस असतात असं नाही.

मी पाहतो ती जागा दुसरीच. आधी चक्र उघडून काडतुसं काढायची, मग मुठीचा एकुलता स्क्रू सोडवायचा. रबराची दोन्ही पानं वेगळी केली की आत सांगाड्याची कड दिसते आणि साध्या पोलादाचं असेल तर तिथे बऱ्याचदा नारिंगी रेघ सापडते. वर पॉलिश चकचकीत, आत घाम मुरलेला. रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवून दिलं तर आणखी वाईट, चामडं ओल धरून ठेवतं. कपाटातल्या कुलपाच्या पेटीत ठेवतानाही बाहेर काढून, पुसून ठेवावं.

हे सगळं ऐकून घेऊन परवा एका मित्राने चकाकतं निकेलचंच घेतलं. का रे, विचारलं तर म्हणाला, "छान दिसतं!" यावर काय बोलणार? नळी साफ करायच्या बाटलीवर अमोनिया लिहिलंय का तेवढं बघ, म्हटलं. निकेलखाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो आणि अमोनिया तांबं खातो.