दोनशे किलोमीटर, पोपटी रंगात

पहाटे पाचला सायकलवर सुटायचं होतं. साडेचारला मी आरशासमोर उभी, आणि आरशात रस्त्याच्या कामावरचा सिग्नल उभा. पोपटी जर्सी, वर रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांचं जाळीदार जॅकेट, घोट्यांना चंदेरी पट्टे. देखणी दिसण्याचा प्रश्न त्या दिवशी बादच होता.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब सायकल सफर, केली, तेव्हा गडद निळी जर्सी आणि काळी शॉर्ट्स होती. फोटो छान आले. मागून येणारा मित्र मात्र एका थांब्यावर म्हणाला, "अगं, झाडांच्या सावलीत शिरलीस की तू गायबच होतेस. मला माहितीये म्हणून दिसतेस." मी हसून सोडून दिलं. तासाभराने तशाच एका सावलीत पाठीमागे ब्रेकचा कर्कश आवाज आला आणि एक गाडी माझ्या कोपराजवळून वळसा घेऊन गेली. चालवणारा शिव्या देत नव्हता, घाबरलेला होता. तो चेहरा अजून आठवतो.

ब्रेव्हे ही पद्धत मूळ फ्रान्सची. शर्यत नाही, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे. अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. पहिल्या वेळी ते मी निव्वळ नियम म्हणून घेतलं होतं: प्लॅस्टिकसारखं कापड, दोन माप मोठं. वारा शिरला की पाठीवर फुगा, आत घामाची आंघोळ. उजाडताच काढून खिशात कोंबलं. या वेळचं जाळीचं, अंगाबरोबर बसणारं. दिवसभर अंगावर होतं हे मला संध्याकाळपर्यंत जाणवलंही नाही. जॅकेट निवडताना मी पट्ट्या किती हे नंतर बघते, आधी हात पुढे करून वाकून बघते.

पहिला तास काळोखाचा. पुढे एक सायकलस्वार होता आणि माझ्या दिव्याच्या उजेडात त्याच्या पाठीवरची पट्टी चमकत होती, पण तेवढ्याने तो मैलाचा दगडही असू शकला असता. माणूस आहे हे कळलं ते घोट्यांवरून. दोन चंदेरी ठिपके, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवरचे उजेडाचे ठिपके हलताना दिसले तरी बघणारा क्षणात ओळखतो, हे कुणीतरी चालतंय. बोटभर रुंदीचे ते पट्टे माझ्या सगळ्या सामानात सर्वांत हलके आणि माझ्या मते सर्वांत कामाचे.

आणि माझी पोपटी जर्सी? त्या काळोखात ती साधी करडी होती. असा झगझगीत फ्लोरोसंट रंग अतिनील किरणं शोषून त्यांचा दिसणारा उजेड करतो. रात्री ती किरणंच नाहीत, तर तो काय करणार! रिफ्लेक्टिव्ह पट्टीचं उलट. तिच्यातले काचेचे बारीक मणी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून हेडलाइटमागे बसलेल्याला ती लखलखते आणि दिवसा नुसती राखाडी फीत वाटते. घरी तपासायचं तर खोलीत अंधार करून मोबाइलने फ्लॅश मारून फोटो काढावा. काय दिसतं आणि काय नाही ते लगेच कळतं.

झुंजुमुंजू झालं तेव्हा एक गंमत दिसली. सूर्य यायचा होता, पण माझ्या बाह्या आपल्या आपण पेटल्यासारख्या उजळल्या. शेजारून चाललेल्या एकाची लालभडक जर्सी मात्र कोळशासारखी काळपट होती. मंद उजेडात डोळ्यांना लाल रंग आधी दिसेनासा होतो, हिरवा-निळा टिकून राहतो; याला पुर्किंये परिणाम म्हणतात. अर्ध्या तासाने ऊन पडलं आणि तो पुन्हा लाल झाला. पोपटीही सगळीकडे चालतो असं नाही. दोन्ही बाजूंना दाट हिरवळ आली तेव्हा पुढचा नारिंगी जर्सीवाला दूरवरून दिसत होता आणि पोपटीवाले झाडीत मिसळत होते. हिरव्या मोसमासाठी आता नारिंगी घ्यायची ठरवली आहे.

डेन्मार्कमध्ये सुमारे ६,८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. अर्ध्यांना पिवळं जॅकेट दिलं. दुसऱ्या कुणाशी टक्कर होऊन इजा होण्याचे प्रसंग त्यांच्यात ४७ टक्के कमी निघाले. दोन्ही गटांच्या अपघात कळवण्यात जो फरक होता त्याची दुरुस्ती केल्यावर ३८ टक्के. म्हणजे जॅकेट चिलखत नाही, पण थट्टेचा विषयही नाही.

साठ किलोमीटरनंतर डोळे बाजूला राहतात आणि बूड बोलू लागतं. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. शिवण काचते, घाम साचतो, सालटं निघतात. नंतर दोन दिवस खुर्चीवर तिरकं बसावं लागलं. पॅड जाडजूड, मऊ उशीसारखं असेल तर दुकानात छान वाटतं आणि रस्त्यावर गोळा होतं. घट्ट, दाटसर पॅड बरं. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स पोटाला इलॅस्टिकसारखी आवळत नाही, पण बायकांनी आधी एक गोष्ट बघावी: लघवीला जाताना जर्सी न उतरवता मागून सोडता येते का. ही सोय नसलेली बिब मी पुन्हा कधी घेणार नाही.

जर्सी मागून लांब हवी, कारण हँडलवर वाकलं की कंबर उघडी पडते. वाकलेल्या माणसाची छाती रस्त्याकडे असते आणि मागच्या गाडीला फक्त पाठ, कंबर आणि पाय दिसतात. तरी कंपन्या मोठं चमकदार चिन्ह छातीवर छापतात! मागचे तीन खिसे ठासून भरले की त्यावरची पट्टीही खाली लोंबते. पाठीवर सॅक घेतली तर विषयच संपला.

शेवटचा घाट चढताना जर्सीची चेन पोटापर्यंत उघडी होती आणि घाम हनुवटीवरून टपटपत होता. माथ्यावर वारा लागला आणि ओली पाठ गार पडली. जुने शर्यतवाले उतारापूर्वी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवायचे. मी विंडचीटर काढला, घातला आणि सुटले. दोन वळणांनी मागून तोच मित्र ओरडला, "अगं, परत गायब झालीस!"

विंडचीटर काळा होता. दिवसभर जपलेला पोपटी रंग, पट्ट्या, सगळं त्याच्या आत. थांबून जॅकेट आतून काढलं आणि वर चढवायला गेले, तर अंगाबरोबरचं ते विंडचीटरवरून बसेना. बाह्या ओढून, चेन अर्धवट लावून कसंबसं बसवलं. पुढचं जॅकेट एक माप मोठं, आणि विंडचीटर फिकट रंगाचा.

सव्वासहाला शेवटचा शिक्का मिळाला, पंधरा मिनिटं हातात ठेवून. अंधारलं होतं, तरी सगळ्यांना उभं करून कुणीतरी फ्लॅश मारून फोटो काढला. चेहरा एकाचाही धड आलेला नाही, नुसत्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्या. डावीकडून तिसरी, छातीवर वाकडी पट्टी आणि घोट्यांशी दोन ठिपके, ती मी.