डावा सुळा

लेक १३ वर्षांची झाली तरी वरचा डावा दुधाचा सुळा पडला नव्हता. मागे एका ठिकाणी दाखवलं तेव्हा "पडेल आपोआप" एवढंच ऐकून आलो. आज ठाण्याला नौपाड्यात ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला. त्यात पक्का सुळा स्पष्ट दिसला, हाडात आडवा, टोक शेजारच्या दाताच्या मुळाकडे. पोटात गोळाच आला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. अक्कलदाढांनंतर सगळ्यात जास्त अडकतात ते वरचे सुळे. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर बोट फिरवलं तर त्यांचा उंचवटा लागायला हवा. (हे आधी कुणी सांगितलं असतं तर!) तसाच सोडला तर शेजारच्या दाताचं मूळ झिजू शकतं. आता दुधाचा दात काढायचा, हिरडी उघडून सुळ्याला बारीक साखळी चिकटवायची आणि तारांनी हळूहळू खाली ओढायचा.

लेकीचा प्रश्न मात्र वेगळाच. "माझी हनुवटी वाकडी आहे ना? सेल्फीत दिसते." घरी कधी बोलली नव्हती. बाईंनी तिच्या हातात आरसा दिला, तोंड उघडून सावकाश मिटायला सांगितलं. दात टेकले आणि जबडा डावीकडे सरकला. वरचा जबडा अरुंद आहे म्हणून खालचा सरकतो, वाढीच्या वयात हे सुधारता येतं, म्हणाल्या. आणि थोडा डावा-उजवा फरक प्रत्येकाच्या चेहऱ्यात असतो, हेही.

परतताना तलावपाळीला थांबलो. बराच वेळ पाण्याकडे बघून ती म्हणाली, "आई, साखळी लावताना तू आत येशील ना?"

येणार, म्हटलं.