पांढरी तीन, डावं कोपर आणि गळका सा

मंडळी, सा परत आला! काल यमनच्या आलापात माझ्या पांढरी तीनच्या (म्हणजे मोठ्या, खालच्या पट्टीच्या) बासरीवरचा सा तानपुऱ्यात असा विरघळला की तानपुऱ्याचं ॲप बंद पडलंय की काय, असं वाटलं. मध्येच थांबून खात्री केली.

मागच्या वेळी लिहिलं होतं, बोटं फार ताणतात म्हणून काही दिवस पांढरी पाचच्या लहान बासरीवर उतरतेय. उजव्या हाताला आराम पडला, पण डाव्या करंगळीच्या मुंग्या वाढल्या. डोकंच फिरलं. लहान बासरीने त्रास वाढतो कसा?

उत्तर फिजिओकडे मिळालं. बासरी लहान झाली की डावा हात तोंडाजवळ येतो आणि कोपर जास्त दुमडतं. कोपराच्या आतल्या बाजूने, हाडामागून अल्नर नर्व्ह जाते (तिथे आपटलं की झिणझिण्या येतात ती). कोपर बराच वेळ दुमडलेलं राहिलं की ती ताणली जाते. ही नस करंगळी आणि अर्धी अनामिका सांभाळते, अर्धीच! त्यांनी टाचणीच्या बोथट टोकाने अनामिकेवर रेघा ओढल्या. मधल्या बोटाकडे लख्ख कळलं, करंगळीकडे रुमालावरून हात फिरवल्यासारखं. आता डाव्या अनामिकेखाली काय असतं? तिसरं भोक! सा लावताना वरची तीन भोकं बंद लागतात. तिसऱ्याची कड बोटाला कळेना, फट राही आणि सा रेकडे सरके. सगळी भोकं झाकून लागणारा खर्जातला पंचम तर उभाच राहत नव्हता. मी महिनोन्‌महिने फुंकेला दोष देत होते.

अंगठा आणि तर्जनीमधलं मांस ओसरलंय का, तेही त्यांनी पाहिलं. तसं दिसलं तर रियाज बंद आणि थेट न्यूरॉलॉजिस्ट. सुदैवाने नाही.

उपाय अगदी घरगुती. झोपेत कोपर दुमडू नये म्हणून रात्री त्याला टॉवेल गुंडाळायचा, फोन डाव्या कानाला लावायचा नाही, रियाज तुकड्यातुकड्यांत. आणि हो, परत मोठी बासरी! ऑनलाइन मिळणारे सिलिकॉनचे अंगठा-आधार मात्र घेऊ नका, घाम आला की सरकतात. त्यापेक्षा बासरीलाच सुती दोरा गुंडाळलेला बरा.

पुढचा बेत होता, अनामिका सहज पोचावी म्हणून तिसरं भोक रेषेपासून जरा बाजूला पाडलेली बासरी करून घ्यायचा. लांबीतली जागा तीच राहिली तर सूर बदलत नाही. (मोठी बासरी कारागिरासमोर हात ठेवून, मापानेच घ्यावी, कुरियरने नाही, हे माझं जुनं तुणतुणं.) पण लिहितालिहिता लक्षात आलं, भोकं सरळ रेषेत असतात म्हणूनच आपली बासरी दोन्ही बाजूंना धरता येते. हरिजींनी (बासरीवादक पं. हरिप्रसाद चौरसिया) त्यांच्या गुरू अन्नपूर्णादेवींकडे शिकताना बासरी धरायची बाजू बदलली होती. ते हरिजी, मान्य. पण भोक सरकवलं की माझ्यासाठी तो रस्ता बंदच.

मग जोडाची, म्हणजे दोन तुकडे जोडून केलेली बासरी? वरचा भाग थोडा फिरवला की भोकांची रेघ हवी तशी वळते, मनगट सरळ राहतं आणि बाजू बदलायची सोयही शाबूत. कारागिराला आत्ताच फोन करून ऑर्डर थांबवते. कुणाकडे जोडाची पांढरी तीन असेल तर सांगा, जोडापाशी हवा गळते का?